राजूर, राजुरा आणि पाव सेकंद

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एकाच शब्दात कळवला: 'वेग'. रस्ते, रेल्वे, शेअर बाजार, मोबाईल यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला लिहायचे होते ते वेगात वाचल्या जाणाऱ्या शब्दांवर. एसटीच्या कपाळावरची पाटी, ट्रकच्या मागच्या फळीवरचा मजकूर, वृत्तवाहिनीच्या तळाशी पळणारी पट्टी, वळणावरचा इशारा. दिवसभरात आपण जे वाचतो त्यातले बहुतेक असे ओझरतेच असते. तरी वाचनाचा विषय निघाला की आपण फक्त पुस्तकांबद्दल बोलतो.

त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात गेले. वणीजवळ राजूर आहे, कोळसा खाणीचे गाव. आसपास सगळे त्याला 'राजूर कॉलरी' म्हणतात. पैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा आहे. तोही कोळशाचा मुलूख. एका गावाच्या शेवटी र, दुसऱ्याच्या शेवटी रा; एकाचा उकार दीर्घ, दुसऱ्याचा ऱ्हस्व. पुस्तकात हा फरक ठळक दिसतो. मागे सरकत फलाटाला लागणाऱ्या गाडीच्या पाटीवर तो किती दिसतो, हे मला पाहायचे होते.

रुमाल टाकायची घाई

वणीच्या स्थानकात गाडी थांबायच्या आधीच माणसे धावतात. खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी लहान मूल आत टाकून जागा धरायची असते. पाटी वाचायला मिळतो तो एवढाच वेळ. गाडी वळते, पाटी क्षणभर समोर येते, आणि तेवढ्यात पाय निघालेले असतात.

हातात दोन पिशव्या आणि कडेला नातू घेतलेली एक बाई अशीच गाडीत चढली. वाहकाने दारात उभे राहून "कोरपना, गडचांदूर, राजुरा" असा पुकारा केला आणि तिचा चेहरा बदलला.

"हे राजूरची नाही का जी?"

"नाही ना माय, राजुरा होय ते."

"पाटी त वाचली मी," असे म्हणत ती उतरली. मागचा कोणीतरी म्हणाला, "शिकली असती त कळलं असतं."

ते वाक्य मला फार लागले, कारण ते खोटे आहे. त्या बाईला वाचता येत होते. नंतर माझ्याशी बोलताना तिने फलाटावरची सूचना अस्खलित वाचून दाखवली. वाचायला येत होते म्हणूनच ती चुकली होती. अक्षर न ओळखणारा माणूस पाटीच्या भानगडीत पडत नाही. तो वाहकाला विचारतो आणि बरोबर गाडीत बसतो.

डोळा सरकत नाही, उड्या मारतो

आपल्याला वाटते, नजर ओळीवरून सरळ घसरत जाते. तसे होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधले नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या तुटक हालचालींकडे लक्ष वेधले. डोळा उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. जे काही वाचायचे ते त्या थांब्यात. उडी चालू असताना डोळ्यांसमोर काय गेले ते आपल्याला जवळजवळ कळतच नाही, आणि कळले नाही हेही जाणवत नाही.

शिवाय दृष्टीचा अगदी लख्ख भाग फार छोटा असतो. हात ताठ लांब करून अंगठ्याकडे पाहिले, तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. त्याबाहेरचे सगळे पुसट. ते स्पष्ट आहे असे वाटते, कारण डोळा सतत फिरत राहतो आणि मेंदू तुकडे जोडत राहतो.

आता वणीहून निघालेल्या ट्रकचा हिशेब करू. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. पाटी 50 मीटरवरून वाचता येत असेल, तर हाती तीन सेकंद येतात. त्यातला बहुतेक वेळ चालकाची नजर खड्डा, म्हैस, समोरून येणारा कोळशाचा ट्रक यांच्यावर हवी. पाटीच्या वाट्याला येतात एक किंवा दोन थांबे. अर्धा सेकंद म्हणा.

अर्ध्या सेकंदात वाचून होते का? सहज होते. मन किती कमी वेळात शब्द पकडते याचा शोध जेम्स मॅकीन कॅटेल या तरुण अमेरिकनाने 1880 च्या दशकात जर्मनीतल्या लाइप्झिग शहरात, विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत लावला. वरून पडणाऱ्या पडद्याच्या फटीतून अक्षरे सेकंदाच्या एका शतांशाएवढा वेळ दिसतील असे यंत्र त्याने वापरले. सुटी, असंबद्ध अक्षरे असली की माणसे तीन-चारच सांगू शकत. त्याच अक्षरांचे शब्द झाले की तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त अक्षरे हाती लागत, आणि शब्दांचे वाक्य झाले की त्याहून जास्त. डोळ्याला मिळालेला प्रकाश तेवढाच, वेळ तेवढाच. तरी अर्थ असला की जास्त दिसते.

त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी, 1969 मध्ये, जेराल्ड रायकर यांनी याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. एक अक्षर एकटे क्षणभर दाखवले आणि तेच अक्षर एका शब्दात दाखवले, तर शब्दातले अक्षर जास्त अचूक ओळखले जाते. सामान्य समज उलटी असते: आधी अक्षरे, मग त्यांची बेरीज म्हणजे शब्द. प्रत्यक्षात दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. अक्षरांचे ओझरते धागे वर जातात, ओळखीचे शब्द जागे होतात, आणि ते जागे झालेले शब्द खाली अक्षरांना सांगतात की तुम्ही अमुक असणार. जेम्स मॅक्लेलंड आणि डेव्हिड रुमेलहार्ट यांनी 1981 मध्ये या दुतर्फा वाहतुकीचे गणिती प्रारूप मांडले, आणि शब्दवाचनाच्या अभ्यासात आजही त्याचा आधार घेतला जातो.

वणीच्या फलाटावर हेच झाले होते. त्या बाईच्या मनात राजूर आधीपासून जागे होते. पाटीवरून 'रा' आणि 'जु' आले, शेवटी कुठेतरी 'र' आला. उरलेले मनाने पुरवले.

राजुरात मोबाईलवर

राजुरात, म्हणजे कॉलरीच्या राजूरला, पोचले तेव्हा दुपार होती. पांढरी आणि काळी अशी दोन्ही धूळ असलेले गाव मी दुसरे पाहिलेले नाही. काळी कोळशाची, पांढरी चुन्याची. इथे चुनाभट्ट्याही आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या (वेकोलि) वणी उत्तर क्षेत्रातले हे गाव कामगारांनी बनलेले आहे. मराठीबरोबर हिंदी, तेलुगू कानावर पडते, आणि एकाच घरात दोन भाषा बोलल्या जातात.

माझ्याजवळ मोबाईलवर केलेली साधी योजना होती. पडद्यावर एक शब्द क्षणभर उमटायचा आणि त्याच जागी लगेच आडव्या-तिडव्या रेघांची जाळी यायची. ही जाळी महत्त्वाची. शब्द पुसला गेला तरी त्याची प्रतिमा मनात किंचित काळ रेंगाळते, आणि त्या शिल्लक प्रतिमेवरून माणूस वाचत राहतो. जॉर्ज स्पर्लिंग यांनी 1960 मध्ये या रेंगाळणाऱ्या प्रतिमेचे मोजमाप केले होते. वरून दुसरे चित्र टाकले की ती पुसली जाते, आणि मग खरोखर तेवढ्याच वेळात काय कळले ते समजते. साध्या मोबाईलचा पडदा सेकंदाला साधारण 60 वेळा नवा होतो. तीन वेळा नवा होईपर्यंत शब्द ठेवला की सेकंदाचा विसावा भाग होतो. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर, उन्हात, दहा जण डोकावत असताना केलेले ते कुतूहल होते.

'कोळसा' सगळ्यांनी वाचला. 'चुनाभट्टी' वाचली. 'पगार' तर पडद्यावर आला न आला तोच ओठांवर आला. त्याच लांबीचा, तसाच सोपा पण वापरात नसलेला शब्द आला की माणसे थबकत: "काही तरी होतं, गेलं." रोज भेटणारा शब्द कमी उजेडात, कमी वेळात ओळखता येतो, हे मानसशास्त्रातल्या सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक आहे.

मग मी 'कोसळा' दाखवला. असा शब्द वापरात नाही. ळ आणि स यांची अदलाबदल केली होती. बाकावरच्या एकूण एक मोठ्या माणसाने 'कोळसा' वाचला, आणि खात्रीने वाचला. "कोळसाच होता, पुन्हा दाखवा." पुन्हा दाखवला, जरा जास्त वेळ. पुन्हा कोळसाच. शेवटी पडदा स्थिर ठेवला तेव्हा एक निवृत्त खाणकामगार बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तुम्ही आता बदलवलं."

तिथे काही शाळकरी पोरेही होती. त्यातल्या दुसरी-तिसरीतल्या मुलीला वेगात काहीच सांगता येईना; पहिले अक्षर तेवढे सांगायची. पण जरा जास्त वेळ दिला, जेवढ्या वेळात मोठी माणसे अजून 'कोळसा' म्हणत होती, तेव्हा तिने बोट ठेवत वाचले: "को... स... ळा." आणि मान हलवून म्हणाली, "असं काही नसते जी."

ती अजून अक्षरे वाचते. मोठी माणसे शब्द ओळखतात. मुलगी हळू आहे पण पाटीवर जे आहे ते वाचते. बाकीचे वेगवान आहेत आणि पाटीवर जे असायला हवे ते वाचतात. वाचन मुरते म्हणजे हेच होते, आणि वेगाची किंमत अशी चुकवावी लागते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पिल्सबरी यांनी 1897 मध्ये हेच तपासले होते. एखादे अक्षर गाळलेले, बदललेले किंवा पुसट केलेले शब्द त्यांनी क्षणभर दाखवले. बहुतेक वेळा लोकांनी पूर्ण, शुद्ध शब्द वाचला. काहींनी तर गाळलेले अक्षर आपल्याला स्पष्ट दिसल्याचे सांगितले. 'दिसले' हे महत्त्वाचे आहे. अंदाज केला असे त्यांना वाटत नव्हते. राजुरातल्या त्या काकांनाही वाटले नाही.

याच कारणाने छापखान्यांत मुद्रिते जोडीने तपासण्याची रीत होती: एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवून पाहायचे. लेखकाने स्वतःचे मुद्रित तपासू नये असे जुने मुद्रितशोधक सांगत, ते अनुभवाने आलेले शहाणपण होते. लेखकाला काय लिहिले होते हे पाठ असते. त्याला तेच दिसते.

मात्रा, वेलांटी, उकार

इथवरचे बहुतेक संशोधन रोमन लिपीवरचे. तिथे अक्षरे एकामागे एक रांगेत उभी असतात. देवनागरीत तसे नाही. व्यंजन मध्ये, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, काना उजवीकडे, आणि ऱ्हस्व वेलांटी चक्क डावीकडे. 'कि' म्हणताना आधी क येतो, लिहिताना वेलांटी आधी दिसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचकांना देवनागरी शब्द वाचायला दिले, तेव्हा अशी डावीकडची वेलांटी असलेल्या शब्दांना वाचक जास्त वेळ घेतात आणि जास्त चुकतात असे दिसले. डोळ्याला मिळालेला क्रम आणि जिभेला लागणारा क्रम वेगळा पडतो; मनाला ती अदलाबदल करावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

दुसरी अडचण दुरून वाचताना येते. देवनागरीत शब्दाशब्दांतला फरक पुष्कळदा शिरोरेघेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी असतो, आणि तिथली चिन्हे बारीक असतात. अंतर वाढले, धूळ बसली, ऊन चमकले की आधी हीच चिन्हे विरतात. मधला सांगाडा उरतो. 'राजूर' आणि 'राजुरा' यांतला उकार असाच जातो. मग सगळी भिस्त शेवटच्या कान्यावर. वणी स्वतःही यातून सुटलेली नाही: 'वणी' आणि 'वाणी' यांत फक्त एका कान्याचे अंतर.

वणीत पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे बसले होते. आता काम बरेच फ्लेक्सवर गेले आहे, पण दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या अजून त्यांच्याकडे येतात. ते अनुस्वार कागदावरच्या प्रमाणापेक्षा मोठा काढतात, टपोरा. मात्रा जाड ठेवतात. उकार अक्षराला चिकटू देत नाहीत. का, असे विचारले तर म्हणाले, "दुरून अक्षर जवळ येते जी. जागा नाही सोडली त सगळं एक होऊन जाते." पाठ्यपुस्तकांतली 'गर्दीचा परिणाम' नावाची गोष्ट याच जातीची आहे. एखादे चिन्ह एकटे असताना नजरेच्या कडेला ओळखू येते, पण शेजारी दुसरी चिन्हे दाटली की ओळखू येत नाही. नेदरलँड्समधले हरमन बाउमा यांनी 1970 मध्ये तिचे मोजमाप केले. वणीतल्या कारागिराने ती ब्रशाने शोधली होती.

आपल्या लिपीनेही हा धडा एकदा घेतलेला आहे. पूर्वीचा 'ख' घाईत 'रव' वाचला जाई. म्हणून प्रमाण देवनागरीत 'ख'च्या पहिल्या भागाची शेपटी दुसऱ्या भागाला जोडली गेली. असा विचार पाट्यांच्या बाबतीत कोणी करताना दिसत नाही. नव्या गाड्यांवरच्या दिव्यांच्या पाट्या तर देवनागरीला फार जाचक आहेत. अक्षर मोजक्या ठिपक्यांत बसवायचे म्हणून मात्रा चेपतात, उकाराला दोन ठिपके मिळतात, आणि वर मजकूर सरकताही असतो. वाचणाऱ्याला अख्खा शब्द एकदम समोर हवा असतो. त्याला मिळते शब्दाची शेपूट आणि पुढच्या शब्दाचे डोके.

एकामागे एक

सरकत्या, बदलत्या मजकुराने वेगळ्याच चुका होतात. प्रयोगशाळेत त्यासाठी एक रीत वापरतात: सगळे शब्द एकाच जागी, एकापाठोपाठ, सेकंदाला आठ-दहा या गतीने दाखवायचे. डोळ्याला हलावे लागत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरी पॉटर यांनी या रीतीने बरीच वर्षे काम केले. या गतीनेही माणसाला वाक्याचा अर्थ लागतो, हे पाहून आश्चर्य वाटते. लागतो, पण भोके पडतात, आणि ती कुठे पडतील हे आधी सांगता येते.

नॅन्सी कॅनविशर यांनी 1987 मध्ये दाखवलेले भोक असे. एकच शब्द थोड्या अंतराने दोनदा आला, तर दुसऱ्यांदा आलेला पुष्कळदा दिसतच नाही, मग त्याच्यावाचून वाक्य मोडले तरी. हे मी राजुरात करून पाहिले. 'आईने भाकर केली आणि मुलाने भाकर खाल्ली' हे वाक्य शब्दाशब्दाने झरझर दाखवले. ऐकवलेल्या उत्तरांत दुसरी भाकर बहुधा नसायचीच: "आईने भाकर केली आणि मुलाने खाल्ली." मन पहिल्या भाकरीची नोंद करते आणि तीच आकृती लगेच परत आली की तिला नवी घटना मानत नाही.

दुसरे भोक 1992 मध्ये जेन रेमंड, किम्रॉन शापिरो आणि कॅरन आर्नेल यांनी मांडले. शब्दांच्या वा अक्षरांच्या झरझर माळेत एखादी गोष्ट टिपली, की त्यानंतर साधारण पाव ते अर्धा सेकंद मन दुसरी गोष्ट टिपू शकत नाही. डोळे उघडे असतात, लक्ष मात्र मिटलेले. वृत्तवाहिनीच्या पट्टीवर 'अपघात' वाचल्यावर पुढे आलेले गावाचे नाव हुकते ते यामुळे. मग आपण शेजाऱ्याला विचारतो, "कुठं झाला?"

खाणीत अशा हुकण्याची किंमत मोठी असते. निवृत्त काकांना विचारले, खाली पाट्या वाचत होतात का? ते म्हणाले, "वाचाले टाइम कुठं राह्यते? रंग दिसला, जागा दिसली, समजून जायचं." भूमिगत खाणीत टोपीवरच्या दिव्याचा झोत जिथे पडेल तेवढेच दिसते. डोके हलते, झोत हलतो, पाटी क्षणात उजेडात येते आणि जाते. परराज्यांतून आलेल्या कामगाराला तर लिपीही परकी असू शकते. अशा ठिकाणी चार ओळींची सूचना पहिल्या शब्दापलीकडे पोचत नाही. 'धोका' हा शब्द लक्ष पकडतो आणि तेच लक्ष खाऊन टाकतो. काय करायचे ते त्याच पाटीवर दुसऱ्या ओळीत असेल, तर ते हुकण्याची भीती सर्वांत जास्त. म्हणून चिन्ह, ठरलेला रंग आणि ठरलेली जागा यांना शब्दांइतके, माझ्या मते शब्दांहून जास्त महत्त्व द्यायला हवे.

पॉपकॉर्न आणि अभ्यासिका

ओझरत्या शब्दांभोवती एक मोठी दंतकथाही फिरते. 1957 मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने दावा केला की, चित्रपटाच्या पडद्यावर नजरेला कळणारही नाही इतका वेळ 'पॉपकॉर्न खा' असा मजकूर दाखवून आपण विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. 1962 मध्ये त्याने स्वतःच मान्य केले की ती धंदा वाढवण्याची क्लृप्ती होती. जाणिवेत न आलेल्या शब्दाचा मनावर अगदी थोडा, अल्पजीवी परिणाम होतो असे काही प्रयोगांत दिसते. त्याने माणूस उठून दुकानात जात नाही.

तालुक्याच्या गावी भेटलेल्या तरुणांचा प्रश्न याहून जवळचा होता. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांच्या तयारीसाठी अभ्यासिकेत दिवस काढणारी ही मुले. त्यांना मोबाईलवर जाहिराती येतात: मिनिटाला हजार शब्द वाचा, पुस्तक तासात संपवा. काही ॲप शब्द एका जागी झरझर दाखवतात, प्रयोगशाळेतल्यासारखे. त्यातल्या एकीने विचारले, "हे शिकू का मॅडम?"

मी नको म्हणाले आणि कारणही सांगितले. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये वेगवाचनाच्या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला. निष्कर्ष स्पष्ट होता: वेग बराच वाढवला की आकलन घटते. वाचताना डोळ्याच्या शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागच्या दिशेने असतात. त्या आळसाच्या नसतात. काही निसटले, ते पुन्हा बघायला डोळा परततो. ॲपमध्ये परतायला जागा नाही. एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये वाचकांची ही मागे जाण्याची वाट बंद करून पाहिली, तेव्हा आकलन खालावले. वाचनाचा वेग खरा वाढतो तो शब्द ओळखीचे झाल्याने, म्हणजे पुष्कळ वाचल्याने. विशेषतः परीक्षेत 'खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही' असले प्रश्न असतात. तिथे एक 'अ' किंवा एक 'नाही' मनाने आपल्या सोयीने गिळला की उत्तर गेले. अशा ठिकाणी राजुरातल्या त्या शाळकरी मुलीसारखे, शब्दावर बोट ठेवून वाचावे.

गाण्याखालची ओळ

अंदाजाची हीच ताकद चांगल्या कामालाही लावता येते, आणि ते भारतात झालेले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या ब्रिज कोठारी यांना 1996 मध्ये कल्पना सुचली की, दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवावेत. भाषांतर नाही; जे ऐकू येते तेच, त्याच क्षणी, रंग भरत जाणारे. 2002 पासून दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली अशा ओळी येऊ लागल्या. पुढे त्यांच्या प्लॅनेटरीड या संस्थेने मराठी चित्रपटांसाठीही असे काम केले.

अडखळत वाचणाऱ्याला पुस्तकात प्रत्येक शब्द अनोळखी पाहुण्यासारखा समोर येतो. गाण्यात तसे नसते. गाणे पाठ असते. पुढचा शब्द कोणता हे कानाला आधीच ठाऊक असते, आणि डोळा फक्त पडताळा घेतो. ज्या पूर्वज्ञानाने वणीच्या फलाटावर फसवले, तेच इथे बोट धरून चालवते. पाव सेकंद दिसलेला शब्दही वाचता येतो, कारण मन आधीच तिथे पोचलेले असते. हे रोज, वर्षानुवर्षे झाले की ओळख मुरते. राजूरसारख्या गावात, जिथे घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी आहे, तिथे मराठी गाण्यांखाली मराठी ओळ असण्याचा उपयोग केवढा होईल! खर्च अत्यल्प आहे, तंत्र जुने झाले आहे. मराठी वाहिन्या हे नियमाने का करत नाहीत, याचे पटेल असे उत्तर मला सापडलेले नाही. प्रेक्षकांनी हे मागितले पाहिजे.

पाट्यांबाबतची मागणी तर त्याहून सोपी आहे. गावाचे नाव एकटे लिहू नका. 'राजूर (वणी)' आणि 'राजुरा (चंद्रपूर)' असे लिहिले की पहिला अंदाज चुकला तरी दुसरा शब्द त्याला अडवतो. अकोले तालुक्यात एक राजूर आहे, जालना जिल्ह्यात गणपतीचे राजूर आहे. ही सोय त्यांनाही हवी. उकार, वेलांटी, अनुस्वार ठसठशीत काढा. दिव्यांच्या पाटीवर नाव सरकवू नका, स्थिर ठेवा. आणि पाटी पक्की करण्याआधी ती चालत्या गाडीतून, त्या गावाची अजिबात माहिती नसलेल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.